लाइटनिंग १४३: क्रूसाठी घेतलेल्या कॅनपीसोबत एक हंगाम

पॅराशूट उघडल्यावर स्कायडायव्हरला शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे दुसऱ्याच्या छत्रीपासून लांब राहा. कॅनपी म्हणजे ती छत्रीच, पण कॅनपी फॉर्मेशनमध्ये, ज्याला इथे सगळे 'क्रू' म्हणतात, मुद्दाम जवळ जायचं असतं. विमानातून बाहेर पडायचं, लगेच कॅनपी उघडायची आणि उडत उडत दुसऱ्याच्या पायाखाली आपल्या कॅनपीचा मधला सेल, म्हणजे हवेने फुगणारा मधला कप्पा, नेऊन द्यायचा. वरचा माणूस तो पायांत धरतो, मग खालच्याच्या लाइन्सना, म्हणजे छत्रीच्या दोऱ्यांना, पाय अडकवतो. याला डॉक म्हणतात. असे तीन-चार जण एकाखाली एक लागले की स्टॅक झाला. वरच्याने लाइन्सवरून घसरत खाली येऊन खालच्याच्या रायझरमध्ये, म्हणजे लाइन्स जिथे जोडलेल्या असतात त्या खांद्यावरच्या पट्ट्यांत, पाय रोवले की त्या रचनेला प्लेन म्हणतात. दहीहंडीत सगळा भार खालच्याच्या खांद्यावर येतो, इथे मात्र प्रत्येकजण आपापल्या छत्रीवर असतो आणि पाय फक्त धरायचं काम करतात. हे जमायचं तर सगळ्यांच्या छत्र्या एकाच वेगाने पुढे आणि एकाच वेगाने खाली जायला हव्यात.

हे आधी सांगितलं कारण या खरेदीत सगळं त्यावर ठरतं. मी फ्लोरिडात राहतो, शनिवार-रविवार उडतो आणि गेल्या हिवाळ्यापासून क्रूसाठी परफॉर्मन्स डिझाइन्स कंपनीची लाइटनिंग १४३ वापरतोय. माझी रोजची कॅनपी वेगळी आहे, नऊ सेलची, झीरो-पोरॉसिटी, म्हणजे हवा आरपार न जाऊ देणाऱ्या कापडाची, बारीक लाइन्सची. ती घेताना मी लँडिंग कसं होतं, रिगमध्ये, म्हणजे पाठीवरच्या पॅराशूटच्या पिशवीत, किती छोटी बसते, वळताना किती चपळ आहे असं पाहिलं होतं. लाइटनिंग घेताना त्यातला एकही प्रश्न कामाचा नव्हता. खरा प्रश्न एवढाच: ज्यांच्याबरोबर उडायचं ते काय उडवतात आणि किती वजनावर?

इथल्या ग्रुपमध्ये बहुतेक सगळे लाइटनिंगवर आहेत. जगभरातल्या मोठ्या रचनाही बहुतांशी याच कॅनपीवर होतात. २१ नोव्हेंबर २००७ रोजी फ्लोरिडातल्याच लेक वेल्सला शंभर जणांनी हिऱ्याच्या आकाराची रचना बांधली, तो या खेळातला गाजलेला विक्रम.  तेव्हा मॉडेलबद्दल डोकं खाजवायची गरज पडली नाही. डोकं खाजवलं ते साइजसाठी.

लाइटनिंग ११३ पासून २१८ चौरस फुटांपर्यंत मिळते. आपण कपडे, रिग, हेल्मेट सगळ्यासकट किती पौंड होतो त्याला कॅनपीच्या चौरस फुटांनी भागलं की विंग लोडिंग येतं. मी ७२ किलोचा, सगळा सरंजाम धरून ८४ किलो, म्हणजे १८५ पौंड. १४३ ने भागलं तर १.२९. आमचा ग्रुप १.३५ च्या आसपास उडतो. तेव्हा शिशाचा आठ पौंडांचा पट्टा कमरेला बांधला की मी त्यांच्यात बसतो. मला एक १६० स्वस्तात मिळत होती आणि 'मोठी छत्री म्हणजे सुरक्षित' हा आपल्याकडचा हिशेब मनात होताच. पण १६० वर माझं लोडिंग १.१६ होतं आणि १.३५ गाठायला ३१ पौंड शिसं लागतं, म्हणजे चौदा किलो. तेवढं घेऊन विमानात चढायचं, तेवढंच घेऊन पळत उतरायचं! शिसं न लावता उडलो तर बाकीचे खाली जात राहणार आणि मी वर तरंगत त्यांना बघणार. वजन थोडं वाढवता येतं, कमी करता येत नाही. म्हणून दोन साइजच्या मध्ये अडकलात तर गणित दोन्हीकडून मांडा. मोठ्या रचनांत तर कुठल्या जागेवर किती लोडिंग हवं ते आयोजकच सांगतात.

सेकंडहँड घेताना आणखी एक गोष्ट विचारावी लागते, ती लाइन्सच्या ट्रिमची, म्हणजे कुठली लाइन किती लांब आहे त्याची. रोटेशन आणि सीक्वेन्शियल, दोन्ही ट्रिम बाजारात दिसतात. रोटेशन ही चौघांची स्पर्धा: स्टॅकमधला सगळ्यात वरचा सुटतो, मागून फिरून तळाशी येऊन डॉक करतो, मग पुढचा. सीक्वेन्शियलमध्ये एकामागून एक वेगवेगळ्या आकृत्या बांधायच्या. साइज सारखी आणि वजन सारखं असूनही ट्रिम वेगळा असेल तर उडणं जुळत नाही. जाहिरातीवर विसंबू नका. मी पैसे देण्याआधी कॅनपी रिगरकडे, म्हणजे पॅराशूट तपासणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञाकडे, नेली, त्याने ताण देऊन एकेक लाइन मोजली, मग सौदा. मोजायचे पैसे लागले, पण ते वसूल झाले असं मी समजतो.

आता वस्तूबद्दल. सात सेल, जवळजवळ आयत आकार. पहिल्यांदा हातात घेतली की लाइन्सच डोळ्यात भरतात: डेक्रॉनच्या, जाड. नेहमीच्या कॅनपीवर जाड लाइन म्हणजे हवेचा अडथळा आणि बॅगेत अडचण, म्हणून सगळे बारीक लाइन घेतात. पण दोन छत्र्या एकमेकींत गुंतल्या आणि बारीक लाइन ताणाखाली अंगावरून सरकली तर ती सुरीसारखी कापते. डेक्रॉन हाताने धरता येते, पायाला अडकवता येते, आणि लांबून दिसतेही. तरी उघड्या त्वचेवरून घासली तर भाजतेच. फ्लोरिडाच्या उकाड्यातसुद्धा मी फुल पँट, लांब मोजे आणि हातमोजे घालतो. लेस अडकवायचे लोखंडी हुक असलेले बूट चालत नाहीत, त्यात लाइन अडकते.

मधल्या दोन ए लाइन्सवर (ए म्हणजे सगळ्यात पुढच्या रांगेतल्या) कॅस्केड नाही, म्हणजे वरून खालपर्यंत एकच अखंड लाइन, मध्ये फाटा नाही. माझ्या कॅनपीवर या दोन्ही लाल आहेत. कारण उघड आहे: वरच्याचा पाय याच लाइन्सवरून घसरत रायझरपर्यंत यायचा असतो, मध्ये फाटा असेल तर तिथेच अडकणार. मधला सेलही वेगळ्या रंगाचा घ्यावा असं मी म्हणेन. डॉक देताना वरचा माणूस मान वाकवून खाली बघत असतो, त्याला एका नजरेत मधोमध कळायला हवं. मला सगळी गडद निळी मिळत होती, दिसायला सुरेख, ती सोडली.

पॅकिंगची सवय मोडायला मात्र वेळ लागला. नेहमी कॅनपी डिप्लॉयमेंट बॅगेत घालतो आणि उघडल्यावर ती बॅग व पायलट शूट, म्हणजे कॅनपी बाहेर ओढणारी छोटी छत्री, मागे पट्टीवर लोंबत राहतात. क्रूमध्ये ते लोंबणारं प्रकरण म्हणजे खालून येणाऱ्यासाठी फासच. म्हणून बॅगच नाही. लाइन्स कॅनपीच्या मागच्या कडेला शिवलेल्या टेल पॉकेटमध्ये घड्या घालून ठेवायच्या आणि कॅनपी सरळ कंटेनरमध्ये. पायलट शूट रिट्रॅक्टेबल: कॅनपी फुगली की ते ओढलं जाऊन तिच्या पाठीला चिकटतं. त्याला कॅनपीशी जोडणारी पट्टी, ब्रायडल, नीट सरकतेय की नाही ते दर पॅकिंगला हाताने ओढून पाहायचं. सुरुवातीला एकेका पॅकला इतका वेळ लागायचा की माझ्याशिवाय दोन विमानं उडून जायची. आता बरं जमतं, पण जाड लाइन्समुळे गाठोडं मोठंच होतं. कंटेनरच्या लेबलवरची साइज क्रू कॅनपीला जशीच्या तशी लागू होत नाही, प्रत्यक्ष बसवून बघा.

उघडणं खणखणीत असतं. स्लाइडर, म्हणजे कॅनपीचं उघडणं सावकाश करणारा लाइन्सवरचा तुकडा, इथे पट्ट्यांचा, जाळीवजा, शिवाय बॅग नाही, त्यामुळे नऊ सेलच्या मऊ, सावकाश उघडण्याची सवय असलेल्याची मान पहिल्यांदा जरा आखडेल. पण इथे सावकाश उघडून चालत नाही: चौघे थोड्या थोड्या अंतराने बाहेर पडतात आणि उघडताच एकमेकांना शोधायचं असतं. माझी जवळजवळ नेहमी सरळ दिशेने उघडते, आणि मला तेवढंच हवं.

सेटअपमध्ये सगळ्यात जास्त वेळ ब्रेक लाइन्सनी, म्हणजे मागची कड खाली ओढून वेग कमी करणाऱ्या दोऱ्यांनी, खाल्ला. क्रूमध्ये पुढचे रायझर सतत ओढावे लागतात, खाली जायला, वेग घ्यायला. ब्रेक लाइन आखूड असेल तर रायझर ओढताच मागची कड वाकते आणि कॅनपी नाक मुरडते. फार लांब ठेवली तर ब्रेक उशिरा लागतो, डॉकच्या शेवटच्या क्षणी हात खाली खाली जात राहतो. रिगरकडे थोडी थोडी बदलून घेत मी मधलं माप गाठलं. प्रत्येक बदलानंतर एकट्याने उंचावर ब्रेक तपासायचे, लगेच ग्रुपमध्ये घुसायचं नाही.

क्रॉस कनेक्टर वेगळे बसवून घेतले. एकाच बाजूच्या पुढच्या आणि मागच्या रायझरला जोडणाऱ्या या छोट्या पट्ट्या प्लेनमध्ये पाय वर सरकू देत नाहीत. डाव्या रायझरपासून उजव्यापर्यंत आडवी पट्टी मात्र नको, रिझर्व्ह, म्हणजे राखीव पॅराशूट, उघडताना ती आडवी येऊ शकते. बसवल्यावर तीन-रिंगची सुटका, म्हणजे मुख्य कॅनपी सोडून देणारी यंत्रणा, मोकळी आहे ना ते रिगरकडून पाहून घ्या. कटअवे केल्यावर, म्हणजे मुख्य कॅनपी सोडून दिल्यावर, रिझर्व्ह आपोआप उघडणारा आरएसएल हा पट्टा मी क्रूसाठी काढून ठेवतो. एरवी तो उपयोगाचा, पण गुंत्यातून सुटल्यावर आधी त्यापासून दूर पडायला हवं, रिझर्व्ह त्याच गुंत्यात उघडायला नको. हुक नाइफ, म्हणजे लाइन कापायच्या सुऱ्या, दोन, एक छातीच्या पट्ट्यावर, एक पायाला, म्हणजे एक हात अडकला तरी दुसरा पोहोचतो. गुंता झाला तर कोण काय ओरडणार आणि कोण आधी कटअवे करणार हे जमिनीवर ठरतं. आमच्याकडे २५०० फुटांखाली डॉक नाही, कितीही जवळ आलेलं असो.

लँडिंगबद्दल विचारणारे फार. या जातीच्या कॅनपीकडून लांब, तरंगतं लँडिंग मागू नये. आयताकार सात सेल आणि वर शिसं, त्यामुळे ती तीव्र उताराने येते आणि फ्लेअर, म्हणजे टेकण्याआधी दोन्ही ब्रेक ओढणं, वेळेवर, पूर्ण द्यावा लागतो. वारा असेल तर मजेत उतरतो. वारा नसलेल्या संध्याकाळी पळावं लागतं. आणि क्रू करायची वेळ नेमकी सकाळी लवकर किंवा संध्याकाळीच, कारण दुपारच्या थर्मलमध्ये, म्हणजे वर उठणाऱ्या गरम हवेत, शेजारची कॅनपी आपल्याकडे उसळते. तेव्हा गुडघ्यांना याची सवय करून द्या.

नुकताच परवाना मिळवलेल्यांनी लगेच घेऊ नये असं माझं मत. आधी क्रूच्या कॅम्पला जा, तिथे बऱ्याचदा कुणाची तरी कॅनपी वापरायला मिळते, अनुभवी माणूस दोघांच्या डॉकपासून सुरू करतो. भारतातून सुट्टीत येऊन उडणारे दोघं-तिघं ओळखीचे आहेत, त्यांना मी हेच सांगतो: रिग आणा, कॅनपी इथे बघू. एअरट्रॅफिकचे इशारे आणि ब्रेकवर उडणं आधी पक्कं हवं.

खर्चात एक गोष्ट धरा जी कुणी आधी सांगत नाही. या खेळात कटअवेची वेळ इतर उड्यांपेक्षा जास्त येते, आणि सोडलेली मेन, म्हणजे मुख्य कॅनपी, वाऱ्याबरोबर जाते, संत्र्याच्या बागांत किंवा दलदलीत. रिझर्व्हची फ्रीबॅगही, म्हणजे रिझर्व्ह ज्यातून उघडतं ती सुटी पिशवीही, हरवते. मार्करने कॅनपीच्या मागच्या कडेला आणि फ्रीबॅगवर नाव-फोन लिहून ठेवा, पडताना कोणीतरी नजर ठेवेल असं ग्रुपमध्ये ठरवून ठेवा, आणि रिझर्व्ह पुन्हा पॅक करून घ्यायचे पैसे बाजूला ठेवा. अमेरिकेत ती दर १८० दिवसांनी तशीही करून घ्यावीच लागते.