जिओजेब्रा: शाळेच्या गणित विभागाने नियोजनात कोठे बसवावे

गणिताच्या आकृत्या व आलेख काढण्याची जिओजेब्रा ही संगणकप्रणाली शाळांना विनामूल्य मिळते, आणि विभागप्रमुखाच्या दृष्टीने तिची अडचण तेथूनच सुरू होते. ज्या वस्तूसाठी व्यवस्थापनाकडे खर्चाची मंजुरी मागावी लागते, तिच्यासाठी दरपत्रके मागवली जातात, बैठक होते आणि ती कोण, कधी, कशासाठी वापरणार याची लेखी नोंद आपोआप तयार होते. विनामूल्य प्रणाली मात्र एखादा उत्साही शिक्षक आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतो, त्याच्या काही तासिका रंगतात आणि पुढील वर्षी त्याच्याकडे वेगळे वर्ग आले की विषय तेथेच थांबतो. परळ भागातील एका अनुदानित मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत आठवी ते दहावीच्या वर्गांसाठी ही प्रणाली वार्षिक नियोजनात बसवून वापरली जाते. त्या अनुभवावर हे परीक्षण आधारलेले आहे. शाळेत सेमी-इंग्रजीच्याही तुकड्या आहेत, संगणक कक्ष एकच आहे आणि तो सकाळ व दुपार अशा दोन्ही अधिवेशनांना पुरवावा लागतो. मुंबईतील बहुसंख्य मराठी शाळांची स्थिती याहून फार वेगळी नसावी.

ऑस्ट्रियातील मार्कुस होहेनवार्टर यांनी साल्झबुर्ग विद्यापीठात २००१ च्या सुमारास हे काम सुरू केले. पुढे त्याचे केंद्र लिंझ येथे गेले. भूमितीची आकृती आणि तिचे बैजिक रूप एकाच पडद्यावर शेजारी शेजारी ठेवायचे आणि एक बदलले की दुसरे आपोआप बदलायचे, ही त्यामागील मूळ कल्पना. बालभारतीच्या दहावीच्या गणित भाग २ च्या पुस्तकातही वर्तुळ आणि त्याच्या स्पर्शिका जिओजेब्राच्या साहाय्याने काढून पडताळा घेण्याची सूचना आहे. म्हणजे ही प्रणाली वर्गात आणणे हा अभ्यासक्रमाबाहेरचा उद्योग नाही. तथापि पुस्तकातील ती सूचना एका ओळीची आहे, आणि त्या ओळीसाठी तासिका कोठून काढायची हे प्रत्येक विभागाला स्वतःच ठरवावे लागते.

या प्रणालीचे सर्वांत मोठे सामर्थ्य बिंदू ओढण्यात आहे. विद्यार्थ्याला पडद्यावर चौरस काढायला सांगावा. बहुतेक जण चार बिंदू अंदाजाने ठेवून ते रेषाखंडांनी जोडतात आणि आकृती चौरसासारखी दिसते. मग एक शिरोबिंदू माउसने ओढायला सांगावे: आकृती तत्काळ वेडीवाकडी होते. ज्याने एका बाजूवर लंब काढून, वर्तुळाच्या साहाय्याने त्यावर तेवढीच लांबी घेऊन चौरस रचला असेल, त्याची आकृती लहानमोठी होते, फिरते, पण चौरसच राहते. दिसायला चौरस असणे आणि व्याख्येने चौरस असणे यांतील फरक फळ्यावर कितीही वेळा सांगितला तरी नववीच्या मुलांच्या पचनी पडत नाही. येथे तो त्यांच्याच हातून घडतो. त्यानंतर ‘पक्ष’ (दिलेली माहिती) आणि ‘साध्य’ (सिद्ध करायचे ते) या शब्दांकडे पाहण्याची त्यांची दृष्टी बदललेली दिसते, आणि केवळ या एका कारणासाठीही ही प्रणाली शाळेत असावी असे आमचे मत आहे.

आठवीतील शिरोलंबांच्या प्रकरणातही हाच लाभ मिळतो. त्रिकोणाचे तिन्ही शिरोलंब एका बिंदूत मिळतात, हे फळ्यावर दाखवायचे तर लघुकोन, काटकोन आणि विशालकोन अशा तीन आकृत्या काढाव्या लागतात, आणि तिसऱ्या आकृतीत बाजू वाढवून शिरोलंब बाहेर काढताना निम्मा वर्ग गोंधळतो. पडद्यावर एकच त्रिकोण पुरतो. शिरोबिंदू सरकवत नेला की संपातबिंदू आतून सरकत काटकोनाच्या शिरोबिंदूवर येतो आणि तेथून बाहेर पडतो. दहावीच्या वर्तुळाच्या प्रकरणात अंतर्लिखित कोनाचे प्रमेय, चक्रीय चौकोन, स्पर्शिका-छेदिका कोन ही सगळी मालिका या पद्धतीने फार चांगली शिकवता येते. विशेषतः अंतर्लिखित कोनाचा शिरोबिंदू कंसावर कोठेही नेला तरी माप बदलत नाही, हे पाहिल्यावर मुले स्वतःहून ‘का’ असे विचारतात. सिद्धता शिकवण्याची योग्य वेळ तीच, आणि त्या क्षणी शिक्षकाने पडद्याकडे पाठ करून फळ्याकडे वळले पाहिजे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मूळ मांडणीत प्रणाली मापे दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवते. त्यामुळे एखाद्या त्रिकोणाचे कोन ४७.३३, ६१.३३ आणि ७१.३३ अंश असे दिसतात आणि चौकस विद्यार्थी त्यांची बेरीज १७९.९९ करून दाखवतो. काही शिक्षक अशा वेळी ‘संगणकाची चूक आहे’ असे सांगून पुढे जातात. ते योग्य नाही. ही निकटनाची, म्हणजे मापे जवळच्या अंकापर्यंत धरण्याची, बाब आहे, आणि कितीही मापे घेतली तरी प्रमेय सिद्ध का होत नाही हे सांगण्याची याहून चांगली संधी मिळणार नाही. कोनाचे माप घेताना बिंदू उलट क्रमाने निवडले तर ४० अंशांच्या जागी ३२० अंश दिसतात. कारण साधन घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने मोजते. हे कोनाच्या गुणधर्मांत जाऊन ० ते १८० अंशांपुरते मर्यादित करता येते, पण ते शिक्षकाला तासिकेपूर्वी ठाऊक असले पाहिजे.

भौमितिक रचनांच्या प्रकरणाबाबत मात्र विभागात बराच वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. मंडळाच्या परीक्षेत गणिताच्या दोन भागांच्या प्रत्येकी ४० गुणांच्या लेखी प्रश्नपत्रिका असतात, त्या प्रत्येकी दोन तासांत सोडवायच्या असतात आणि रचना कंपास व पट्टीनेच करायची असते. जिओजेब्रात वर्तुळाबाहेरील बिंदूतून स्पर्शिका काढण्यासाठी तयार साधन आहे. बिंदू आणि वर्तुळ यांवर टिचकी मारली की दोन्ही स्पर्शिका हजर. ज्या विद्यार्थ्याने ती रचना हाताने केलेली नाही, त्याच्या हाती हे साधन देणे म्हणजे त्याचे नुकसान करणे होय. यावर प्रणालीतच चांगला उपाय आहे, आणि तो फार थोड्या शिक्षकांना माहीत असतो: साधनपट्टीतून नको ती साधने काढून टाकून फक्त बिंदू, रेषा, वर्तुळ आणि छेदनबिंदू एवढीच ठेवता येतात. अशी आखूड साधनपट्टी असलेली फाइल विभागाने तयार करून सर्व संगणकांवर ठेवावी. मग स्पर्शिका काढण्यासाठी विद्यार्थ्याला केंद्र आणि बाह्यबिंदू जोडून त्या रेषाखंडाचा मध्य शोधावाच लागतो. रचनेच्या पायऱ्या क्रमाने पुन्हा दाखवणारी खिडकीही उपयुक्त आहे. वहीतील रचनेत कंस नेमका कोठे चुकला हे तिच्याशी ताडून पाहता येते. तरीही क्रम आमच्या मते निश्चित असावा: आधी वही, नंतर पडदा.

बीजगणिताच्या भागात उपयोग कमी आहे, आणि तो कमीच ठेवावा. दोन चलांतील रेषीय समीकरणांचे आलेख मुलांनी आलेख कागदावरच काढावेत, कारण प्रमाण निवडणे, बिंदू नेमके ठेवणे या गोष्टी हाताला सवय झाल्याशिवाय येत नाहीत. मात्र अशी दोन समीकरणे सोडवण्याच्या क्रेमरच्या पद्धतीत निश्चयक (सहगुणकांवरून काढलेली संख्या) शून्य आला म्हणजे काय होते, हे दोन रेषा समांतर होताना पाहिल्यावर चटकन लक्षात येते. त्यासाठी तासिकेतील शेवटची दहा मिनिटे पुरतात. वर्गसमीकरणांच्या प्रकरणात अन्वस्ताचा, म्हणजे वर्गसमीकरणाच्या वक्राचा, आलेख दहावीला अभ्यासायचा नसतो. तरीही स्थिरपदासाठी सरकपट्टी ठेवून वक्र वरखाली नेला आणि तो क्ष-अक्षाला दोन ठिकाणी छेदतो, मग नुसता स्पर्श करतो, मग अक्ष सोडून वर जातो हे दाखवले, तर विवेचकाच्या (मुळे कशी आहेत हे सांगणाऱ्या पदाच्या) तीन अवस्था केवळ पाठ कराव्या लागत नाहीत. हा अभ्यासक्रमाबाहेरचा भाग आम्ही जाणूनबुजून नियोजनात घेतला आहे. अंकगणिती श्रेढी, त्रिकोणमितीय नित्यसमानता आणि अर्थनियोजन यांसाठी पडदा लावण्याचे काही कारण नाही. अर्थनियोजनातील जीएसटी आणि शेअरची उदाहरणे करायचीच असतील तर लिबरऑफिससारख्या कोष्टकप्रणालीत ती अधिक सरळ होतात, आणि सांख्यिकीतील आयतालेख व वृत्तालेखासाठीही तीच बरी. महत्त्वमापनात शंकूला तळाशी समांतर प्रतलाने छेदून शंकूछेद दाखवण्यासाठी जिओजेब्राचे त्रिमितीय दृश्य चांगले आहे, पण जुन्या संगणकांवर ते अडखळते.

आता यंत्रांविषयी. या प्रणालीच्या अनेक आवृत्त्या आहेत आणि नव्या शिक्षकाचा गोंधळ येथेच होतो: क्लासिक ५, क्लासिक ६, आलेख, भूमिती, त्रिमिती अशी वेगवेगळी ॲप, शिवाय ब्राउझरमध्ये चालणारे रूप. शाळेसाठी आमची शिफारस निःसंदिग्धपणे क्लासिक ५ ची आहे. ती एकदा बसवली की इंटरनेटशिवाय चालते, विंडोजवर तसेच लिनक्सवर चालते, जुन्या यंत्रांवरही बऱ्यापैकी वेगाने चालते आणि साधनपट्टी बदलण्याची सोय तिच्यात सर्वांत मोकळी आहे. दिसायला ती जुनाट आहे, हे मान्य. संकेतस्थळावरील जिओजेब्रा क्लासरूम या सेवेत शिक्षकाला प्रत्येक विद्यार्थ्याची आकृती आपल्या पडद्यावर घडताना पाहता येते. कल्पना उत्तम आहे. परंतु साठ मुलांचा वर्ग, दोन मुलांमागे एक संगणक आणि मधेच रेंगाळणारे नेटवर्क अशा स्थितीत पस्तीस मिनिटांच्या तासिकेतील पहिला मोठा भाग सर्वांना आत आणण्यातच जातो. संगणक कक्ष सुसज्ज असलेल्या शाळांनीच तिचा विचार करावा.

वर्गातील प्रोजेक्टरचा प्रश्न याहून साधा पण अधिक त्रासदायक आहे. पश्चिमेकडे खिडक्या असलेल्या खोल्यांत दुपारच्या अधिवेशनात पातळ रेषा दिसतच नाहीत. रेषांची जाडी आणि अक्षरांचा आकार वाढवून फाइल जतन करणे हा एक उपाय, जाड पडदे हा दुसरा. पावसाळ्यात दोन्हींची गरज भासत नाही, आणि म्हणून वर्तुळाचे प्रकरण जुलै-ऑगस्टमध्ये घ्यावे असा एका सहकाऱ्याने अर्धवट विनोदाने मांडलेला प्रस्ताव आम्ही अर्धवट गांभीर्याने स्वीकारला आहे.

डेस्मॉस या दुसऱ्या विनामूल्य साधनाशी तुलना अपरिहार्य आहे. आलेखांसाठी डेस्मॉस अधिक नेटके आहे, पहिल्याच दिवशी वापरता येते आणि समीकरण लिहिण्याची त्याची पद्धत मुलांना लगेच जमते. परंतु राज्य मंडळाच्या दहावीच्या अभ्यासक्रमात गणिताचा अर्धा भार भूमितीवर आहे आणि तेथे जिओजेब्राला पर्याय दिसत नाही. दोन्ही साधने एकाच विभागात आणू नयेत. शिक्षकांचा सराव विभागला जातो.

परवान्याचा आणि मालकीचा मुद्दा नियोजनात सहसा कोणी घेत नाही, पण घ्यावा. अव्यावसायिक वापरासाठी प्रणाली विनामूल्य आहे. त्यामुळे शाळेला चिंता नाही, मात्र खासगी क्लास चालवणाऱ्यांनी अटी वाचून घ्याव्यात. २०२१ मध्ये बायजूज या भारतीय कंपनीने जिओजेब्रा विकत घेतल्याचे जाहीर केले आणि २०२४ मध्ये त्या कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. यावरून प्रणाली बंद पडेल असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. तरीही आपल्या सर्व आकृत्या केवळ संकेतस्थळावरील खात्यात ठेवणाऱ्या शाळेने त्या उतरवून आपल्या संगणकांवर ठेवाव्यात आणि क्लासिक ५ ची बसवणी-फाइलही पेनड्राइव्हवर जपून ठेवावी.

शिक्षकांच्या तयारीसाठी पवईच्या आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातील जिओजेब्रावरील धडे उपयोगी पडतात. ते लहान आहेत आणि धडा थांबवून शेजारच्या खिडकीत तीच कृती करत जाता येते. काही धडे जुन्या आवृत्तीवरचे असल्याने पडद्यावरील मांडणी थोडी वेगळी दिसते; कामाला अडत नाही. निवृत्तीजवळ आलेल्या शिक्षकांनाही स्वतः आकृती रचण्याची सक्ती करू नये, विभागाच्या तयार फाइली उघडून बिंदू ओढणे एवढे त्यांनी केले तरी वर्गाला लाभ होतो.

विभागाच्या नियोजनात सध्या आठवीसाठी शिरोलंब व मध्यगा, नववीसाठी चौकोन व मध्यबिंदूचे प्रमेय, आणि दहावीसाठी समरूपता, वर्तुळ व रचना एवढ्याच प्रकरणांपुढे संगणक कक्षाची नोंद आहे; विवेचक व शंकूछेद यांपुढे फक्त वर्गातील प्रोजेक्टर. घटक नियोजनाच्या तक्त्यात प्रत्येक नोंदीसमोर फाइलचे नाव, ती उघडण्यापूर्वी वहीत काय झालेले असावे आणि बंद केल्यावर फळ्यावर काय सिद्ध करायचे, असे तीन रकाने आहेत. यांतील दुसरा रकाना रिकामा असेल तर संगणक कक्षाची तासिका दिली जात नाही.