चालू एसटीपीची सुधारणा : कंत्राटदार आराखड्याच्या वेळी घ्यावा की निविदेनंतर?

१५ एमएलडीचं (दिवसाला १५ दशलक्ष लिटरचं) मैलापाणी शुद्धीकरण केंद्र, म्हणजेच एसटीपी, म्हणजे तासाला सरासरी ६२५ घनमीटर पाणी. माणशी १३५ लिटर पुरवठा आणि त्यातलं ८० टक्के गटारात येतं असं धरलं, तर साधारण १ लाख ४० हजार वस्तीचं गाव. अशा केंद्राची जुनी इनलेट (आवकेची) वाहिनी नव्या चाळणीकक्षाला जोडायला प्रवाह चार तास थांबवायचा झाला, तर अडीच हजार घनमीटर मैलापाणी कुठे ठेवणार? सकाळच्या वेळी तर आवक सव्वादोन पटीपर्यंत जाते. मोकळ्या जागेवर नवं केंद्र बांधताना हा प्रश्न येतच नाही. चालू केंद्र सुधारताना मात्र पहिल्या दिवसापासून तो समोर उभा असतो, आणि बांधकाम सुरू आहे म्हणून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रातली, सोडायच्या पाण्याच्या दर्जाची मर्यादा सैल होत नाही.

तुम्ही नगरपरिषदेचे अभियंता असा, औद्योगिक वसाहतीच्या सीईटीपीचे (सामायिक सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचे) संचालक असा किंवा मोठ्या टाउनशिपचं व्यवस्थापन बघत असा, सुधारणेचं काम कसं द्यायचं याचे तीन रस्ते तुमच्यापुढे आहेत. माझा कल तिसऱ्याकडे, म्हणजे आराखड्याच्या वेळीच कंत्राटदार घेण्याकडे आहे, तो सरसकट मात्र नाही.

आधी पूर्ण आराखडा, मग बी-१ निविदा

हा आपल्या अंगवळणी पडलेला रस्ता. सल्लागार आराखडा आणि अंदाजपत्रक करतो, तांत्रिक मान्यता मिळते, टक्केवारी दराची, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के कमी-जास्त एवढंच सांगायची, बी-१ निविदा निघते, सर्वांत कमी दरवाल्याला कार्यारंभ आदेश जातो. लेखापरीक्षणात उत्तर द्यायला हा सर्वांत सोपा, आणि दरांत खरी स्पर्धा होते. हे फायदे लहान नाहीत.

अडचण जमिनीखाली असते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या केंद्राची प्रत्यक्ष बांधलेल्या कामाचे नकाशे बहुतेक ठिकाणी सापडत नाहीत. सापडले तरी पुढच्या दुरुस्त्या त्यांत नसतात. मी पाहिलेल्या एका केंद्रात नकाशावर एकच बायपास वाहिनी होती. खोदल्यावर दुसरी निघाली, तीही चालू. ज्या व्हॉल्व्हच्या भरवशावर जोडणीचा क्रम ठरवला होता, तो गंजून अर्धवट अडकला होता. पुढचं तुम्हाला माहीत आहे: जादा बाबी, बी-१ करारातल्या कलम ३८ खाली वाढीव परिमाणं, मुदतवाढ, आणि एकमेकांना लिहिलेली पत्रं. सल्लागार म्हणतो, क्रम ठरवणं कंत्राटदाराचं काम. कंत्राटदार म्हणतो, निविदेत तसं लिहिलेलं नव्हतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, आणि केंद्र तोवर नदीत अर्धवट शुद्ध झालेलं पाणी सोडत राहतं.

एकरकमी डीबीओ

आराखडा, बांधकाम आणि चालवणं (डिझाइन-बिल्ड-ऑपरेट) एकाच कंत्राटदाराकडे, एका ठोक रकमेत. मुंबई महापालिकेची सात मोठी केंद्रं याच पद्धतीनं होत आहेत. जानेवारी २०२३ मध्ये त्यांचं भूमिपूजन झालं तेव्हा एकत्रित क्षमता सुमारे २,४६० एमएलडी आणि खर्च सुमारे १७,२०० कोटी रुपये सांगितला गेला. बांधकामानंतर १५ वर्षं केंद्र चालवायची जबाबदारीही कंत्राटदाराचीच आहे. ही अट मला मनापासून पटते. ज्याला पुढे १५ वर्षं टाक्यांत हवा सोडणारे ब्लोअर चालवायचे आहेत, तो स्वस्त पण वीज पिणारा ब्लोअर सहसा निवडणार नाही.

मग कंत्राटदार लवकर आलाच की, असं वाटेल. पण फरक किंमत कधी ठरते यात आहे. डीबीओमध्ये किंमत आराखड्याआधी ठरते. काही महिन्यांच्या निविदा-मुदतीत जुन्या टाकीची, भूजलाची आणि खऱ्या आवकेची माहिती कोणताच बोलीदार नीट मिळवू शकत नाही. मग एक तर तो अज्ञाताचे पैसे दरात भरतो, नाहीतर डोळे मिटून कमी दर टाकतो आणि नंतर वाद घालतो. तिसऱ्या रस्त्यात, म्हणजे कंत्राटदाराच्या लवकर सहभागात, किंमत आराखडा मुरल्यावर ठरते.

आराखड्याच्या टेबलावर कंत्राटदार

ब्रिटनमधल्या एनईसी या प्रमाणित बांधकाम करारांत यासाठी एक्स-२२ नावाचं कलम आहे. २०१७ च्या चौथ्या आवृत्तीत ते समाविष्ट झालं. अमेरिकेत याच वळणाच्या पद्धतीला प्रोग्रेसिव्ह डिझाइन-बिल्ड म्हणतात, किंवा आराखडा सल्लागाराकडेच ठेवून बांधकाम व्यवस्थापकाला, म्हणजे पुढे बांधकामही करणाऱ्या कंत्राटदाराला, आधी आणतात. गाभा एकच: कंत्राटदार निवडायचा तो अनुभव, प्रत्यक्ष कामावर येणारी माणसं आणि त्याचा नफा-व्यवस्थापनाचा टक्का पाहून. पहिल्या टप्प्यात त्याला आराखड्यातल्या सहभागासाठी मोबदला द्यायचा. आराखडा पुरेसा पक्का झाला की हिशेब उघडे ठेवून किंमत ठरवायची. पटली तर दुसरा टप्पा म्हणजे बांधकाम, नाही पटली तर रामराम.

त्याचा उपयोग काय, ते एका उदाहरणातून सांगतो. समजा, जुन्या दोन एरेशन (हवा मिसळण्याच्या) टाक्या रिकाम्या करून तळाशी हवा सोडणारे नवे डिफ्युझर बसवायचे आहेत. टाकी भरलेली असते तेव्हा आतल्या पाण्याचं वजन तिला दाबून धरतं. रिकामी केली की खालचं भूजल तिला वर ढकलू लागतं. तळापासून ३ मीटर वर भूजल असेल तर दर चौरस मीटरला ३ टनांचा दाब खालून येतो, आणि ४० सेंटिमीटर जाड काँक्रीटच्या तळाचं वजन भरतं जेमतेम १ टन. तळ फुगतो, सांधे उघडतात. कागदावर टाकी कधीही रिकामी होते. ज्यानं अशी कामं हातानं केली आहेत तो पहिल्याच बैठकीत सांगतो की भूजल खाली गेलेले फेब्रुवारी ते मे एवढेच महिने आपले, आणि आवक सांभाळायची तर एका वेळी एकच टाकी. म्हणजे दोन टाक्यांना दोन उन्हाळे. त्यापेक्षा तिसरी टाकी आधी बांधली तर जुन्या दोन्ही एकाच उन्हाळ्यात हाताळता येतील, आणि पुढच्या वाढीव वस्तीसाठी क्षमताही मिळेल.

इथे आराखडाच बदलला. ३० टक्के नकाशे झालेले असताना हा बदल एका आठवड्याचं काम असतो. कार्यारंभ आदेशानंतर तोच बदल म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता आणि आणखी एक पावसाळा.

अशा बाबी पुष्कळ असतात. क्रेन उभी कुठे राहणार, नव्या बारीक चाळण्यांत पाण्याची किती पातळी खर्च होणार आणि जुन्या वाहिनीत तेवढी आहे का, तात्पुरत्या पंपांना वीज कुठून, विजेची पॅनेल यायला किती महिने. एकेक किरकोळ वाटते, पण केंद्र बंद न पाडता काम होणार की नाही हे त्यांच्यावरच ठरतं.

आता धोका. दुसऱ्या टप्प्याची किंमत ठरवताना समोर एकच माणूस असतो, स्पर्धा उरलेली नसते. सॅन फ्रान्सिस्कोच्या साउथईस्ट केंद्रात, जिथे त्या शहराचं सुमारे ८० टक्के मैलापाणी येतं, गाळ पचवणाऱ्या नव्या डायजेस्टरांचं काम बांधकाम व्यवस्थापकाला आराखड्याच्या काळातच सोबत घेऊन हाती घेतलं गेलं. तरी सव्वा अब्ज डॉलरच्या आसपास धरलेला खर्च २ अब्जांच्या पलीकडे गेला. कंत्राटदार लवकर आला म्हणजे काम स्वस्तात होईल, असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. मिळते ती आधी कळलेली, हिशेबासह समजलेली किंमत आणि अडथळ्यांची आगाऊ यादी.

म्हणून काही गोष्टींत तडजोड नको. कंत्राटदाराशी संबंध नसलेला अंदाजपत्रककार तुमच्या बाजूनं वेगळा नेमा. ब्लोअर, पंप, पॅनेल आणि मोठं काँक्रीट यांचे दर बाजारातून किमान तीन ठिकाणचे मागवा आणि समोरासमोर उघडा. पहिल्या टप्प्यातल्या आराखड्याची मालकी तुमची राहील, आणि किंमत न पटल्यास तोच आराखडा घेऊन निविदा काढता येईल, हे करारात स्पष्ट लिहा. हे कलम नसेल तर बाहेर पडण्याचा हक्क नावापुरताच. शिवाय दर आठवड्याला त्या टेबलावर बसणारा, निर्णय घेण्याचा अधिकार असलेला तुमचा स्वतःचा अभियंता हवा. तो देता येत नसेल तर हा रस्ता धरू नका.

मग कुणी काय निवडावं?

शेजारी मोकळी जागा असेल आणि नवं केंद्र उभं करून शेवटी फक्त प्रवाह वळवायचा असेल, तर पहिला किंवा दुसरा रस्ता पुरे. २-३ एमएलडीच्या तयार संचासाठीही तेच. तिथे दोन टप्प्यांचा खटाटोप परवडत नाही.

जुन्या टाक्यांतच काम करायचं आणि प्रवाह थांबवता येत नाही, असं सीईटीपी किंवा खासगी टाउनशिप असेल तर तिसरा रस्ता थेट घ्या. सर्वांत कमी दराचं बंधन तुमच्यावर सहसा नाही, त्याचा उपयोग करा.

नगरपरिषद-महापालिकेचं अवघड आहे. केंद्रीय वित्त मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांनी कामांसाठी गुणवत्ता आणि किंमत एकत्र तोलायला वाट दिली, पण त्यात गुणवत्तेचा भार जास्तीत जास्त ३० टक्के, आणि आपल्या विभागाची मान्यता घेतल्याशिवाय ते धाडस कुणी करू नये. तोवर मी मधली वाट सुचवेन. मुख्य कामाआधी शोधकामाची छोटी, वेगळी निविदा काढा: चाचणी खड्डे, प्रत्येक व्हॉल्व्ह चालवून पाहणं, वर्षभराची आवक मोजणं, भूजलाच्या निरीक्षण नळ्या, आणि चालू केंद्रात काम केलेल्या कंत्राटदाराकडून मोबदला देऊन जोडण्यांचा क्रम लिहून घेणं. त्याला मुख्य निविदेपासून दूर ठेवा, आणि त्याचे निष्कर्ष सगळ्या बोलीदारांना सारखेच द्या. तिसऱ्या रस्त्याचा निम्मा फायदा यातून मिळतो, तोही नेहमीच्या नियमांत बसून.

कोणतीही वाट धरा, कॅलेंडर उलटं मोजा. फेब्रुवारीत टाकी रिकामी करायची असेल तर अनुभवी कंत्राटदार आदल्या जूनमध्येच जागेवर फिरायला हवा, कारण भूजल सर्वांत वर आणि आवक सर्वांत मोठी असते ती पावसाळ्याच्या चार महिन्यांत, आणि दोन्ही तेव्हाच मोजून घेता येतात.