घरातील संगणकांसाठी सामायिक फोल्डर: विंडोजमधील अंगभूत सोयीचे परीक्षण

विंडोज संगणकाबरोबर वेगळे पैसे न मोजता मिळणाऱ्या सोयींपैकी फोल्डर सामायिक करण्याची सोय बहुतेक घरांत दुर्लक्षित राहते. एका संगणकावर ठेवलेला फोल्डर त्याच वायफायवरील किंवा केबलवरील इतर संगणकांना उघडता यावा, एवढेच तिचे काम आहे. गोव्यातील फोंडा तालुक्यातल्या आमच्या एकत्र कुटुंबाच्या घरात ती रोज वापरली जाते. एक-चौदाचे म्हणजे जमिनीच्या नोंदीचे उतारे, सनदा, आजोबांच्या वेळच्या पोर्तुगीज दस्तऐवजांच्या स्कॅन प्रती, चवथीला गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीची छायाचित्रे, जत्रेतील नाटकांची ध्वनिमुद्रणे आणि मुलांचा अभ्यास असा सगळा ऐवज पूर्वी पेनड्राइव्हवरून या खोलीतून त्या खोलीत फिरत असे, आणि एकाच उताऱ्याच्या निरनिराळ्या नावांच्या प्रती प्रत्येक संगणकावर साठत असत. आता त्या सर्वांना एकच जागा आहे. सोय भक्कम आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझी तक्रार आहे ती तिची मांडणी करताना पार कराव्या लागणाऱ्या वाटेबद्दल, आणि ती वाट चुकल्यास विंडोज जे मौन पाळते त्याबद्दल.

या सोयीच्या मुळाशी असलेली एसएमबी ही संदेशपद्धत 1980 च्या दशकात आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी रचली आणि पुढे मायक्रोसॉफ्टने ती आपलीशी केली. तिची पहिली आवृत्ती किती ठिसूळ होती, हे मे 2017 मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने जगाला दाखवून दिले. त्या दोषावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता, पण असंख्य संगणकांवर तो बसवलेलाच नव्हता. त्याच वर्षाच्या अखेरीपासून विंडोज 10 च्या नव्या आवृत्त्यांत पहिली एसएमबी एक तर मुळात बसवली जात नाही किंवा वापरात नसल्यास आपोआप काढून टाकली जाते. एखादे जुने राउटर किंवा जुनी नेटवर्क हार्डडिस्क दिसत नाही म्हणून ती पुन्हा चालू करण्याचा सल्ला आजही सर्रास दिला जातो. तो मानू नये. ते जुने उपकरण बदलणे परवडते.

विंडोज 7 बरोबर आलेली होमग्रुप ही सोपी योजना ज्यांनी वापरली असेल, त्यांना आजची मांडणी अधिकच किचकट वाटेल. होमग्रुपमध्ये एकच पासवर्ड घरातील सर्व संगणकांवर दिला की काम संपत असे. 2018 मधील विंडोज 10 च्या 1803 या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने ती काढून टाकली आणि तिच्या जागी तितके सोपे काही दिले नाही. नव्या वापरकर्त्याची दमछाक होते ती इथेच.

मांडणीचे तुकडे निरनिराळ्या ठिकाणी विखुरलेले आहेत. प्रथम सेटिंग्जमध्ये जाऊन घरचे नेटवर्क ‘प्रायव्हेट’ आहे की ‘पब्लिक’ ते पाहावे लागते, कारण विंडोज 11 नवीन नेटवर्कला सहसा पब्लिक मानते आणि त्या स्थितीत संगणक इतरांपासून स्वतःला लपवून ठेवतो. हॉटेलात किंवा विमानतळावर हे योग्यच आहे, पण घरात तेच आड येते. त्यानंतर ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज’मध्ये नेटवर्क डिस्कव्हरी (संगणकांनी एकमेकांना दिसणे) आणि फाइल व प्रिंटर शेअरिंग चालू करावे लागते. मग प्रत्यक्ष फोल्डरवर उजवी कळ दाबून, प्रॉपर्टीजमधील शेअरिंगच्या पानावर जाऊन तो सामायिक करायचा. शेवटी, तो कोणी उघडायचा यासाठी वापरकर्ता खाते लागते, आणि खात्यांचे दालन पुन्हा वेगळेच. यांपैकी नेटवर्कची एक पायरी राहिली तरी दुसऱ्या संगणकावर उमटणारा संदेश बहुतेक वेळा एकच असतो: नेटवर्कवरील मार्ग सापडला नाही. संगणक झोपलेला असो, बाहेरच्या जोडण्या अडवणारी फायरवॉल आडवी आलेली असो किंवा नाव टंकताना एक अक्षर गळलेले असो, संदेश तोच राहतो. चाळीस वर्षे जुन्या तंत्राकडून याहून अधिक बोलकेपणाची अपेक्षा करणे गैर नाही.

खात्याचा विषय थोडा सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण निम्म्याहून अधिक अडचणी तिथेच उगवतात. आजकाल बहुतेक जण मायक्रोसॉफ्ट खात्याने विंडोज वापरतात आणि रोज आत शिरताना फक्त चार आकडी पिन देतात. तो पिन त्या एका यंत्रापुरता असतो. दुसऱ्या संगणकावरून फोल्डर उघडताना तो चालत नाही, तिथे खात्याचा खरा पासवर्ड मागितला जातो, आणि तो घरात कोणालाच आठवत नसतो. यावर सर्वांत स्वच्छ उपाय म्हणजे ज्या संगणकावर फोल्डर आहे तिथे केवळ या कामासाठी एक साधे स्थानिक खाते उघडणे. त्याला प्रशासकाचे अधिकार द्यायचे नाहीत, नाव रोमन लिपीत आणि लहान ठेवायचे, पासवर्ड मात्र नीट लांब द्यायचा. इतर संगणकांवर हे नाव व पासवर्ड एकदाच देऊन ‘लक्षात ठेव’ या चौकटीवर खूण केली की पुन्हा विचारणा होत नाही.

याऐवजी घरी येणारे तंत्रज्ञ अनेकदा सोपी वाट धरतात: पासवर्डचे संरक्षण बंद करायचे, ‘एव्हरीवन’ला पूर्ण अधिकार द्यायचे आणि सगळे चालते असे दाखवून निघून जायचे. ते त्या क्षणी चालतेही, पण मग घरच्या वायफायवर येणारा प्रत्येक जण, चवथीला आलेल्या पाहुण्यांच्या मुलांसह, आपल्या जमिनीचे कागद पाहू शकतो आणि पुसूही शकतो. शिवाय विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीपासून प्रो संचात पासवर्डशिवायचे पाहुणे खाते मुळातच नाकारले जाते, त्यामुळे अशी जुळवाजुळव एखाद्या अद्ययावतीकरणानंतर अचानक कोलमडू शकते. तंत्रज्ञाला बोलावणार असाल, तर स्वतंत्र खाते करून देण्याचा आग्रह आधीच धरावा.

परवानग्यांचे दोन थर हा या सोयीचा सर्वांत कमी समजला जाणारा भाग. एक थर सामायिक करण्याचा आणि दुसरा डिस्कवरील फाइलव्यवस्थेचा. नेटवर्कवरून येणाऱ्याला या दोहोंपैकी जो अधिक कडक असेल तोच लागू पडतो. ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग’च्या वाटेने गेल्यास पहिल्या थरात सर्वांना केवळ वाचनाचा अधिकार मिळतो, त्यामुळे खाते बरोबर, पासवर्ड बरोबर, फोल्डर उघडतोही, पण फाइल मात्र जतन होत नाही. साध्या ‘शेअर’ कळीने विशिष्ट व्यक्तीला अधिकार दिल्यास दोन्ही थर आपोआप जुळतात, म्हणून घरासाठी तीच वाट बरी. आम्ही दोन फोल्डर वेगळे ठेवले आहेत: कागदपत्रे आणि जुनी छायाचित्रे केवळ वाचण्यासाठी, आणि रोजची देवाणघेवाण लिहिण्यासाठीही खुली. यामागे आणखी एक कारण आहे. घरातील एखाद्या संगणकात खंडणीखोर विषाणू शिरला, तर त्या संगणकाला जिथे जिथे लिहिता येते तिथल्या फाइलीही तो कुलूपबंद करतो. जिथे लिहिण्याची मुभाच नाही, तिथे तो काही करू शकत नाही.

एक्सप्लोररमधील ‘नेटवर्क’च्या यादीत दुसरा संगणक कधी दिसतो, कधी दिसत नाही. त्या यादीवर विसंबू नये. दोन उलट्या तिरक्या रेघा (\\), संगणकाचे नाव, पुन्हा एक रेघ आणि फोल्डरचे नाव असा पत्ता थेट टंकून पाहावा, आणि उघडला की त्याला ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’ने एक अक्षर देऊन ठेवावे, मग घरातील ज्येष्ठांना तो सी किंवा डी ड्राइव्हसारखाच दिसतो आणि वेगळे काही शिकावे लागत नाही. संगणकाचे नाव 15 अक्षरांच्या आत आणि रोमन लिपीत असावे. आतल्या फोल्डरांची व फाइलींची नावे मात्र खुशाल देवनागरीत द्यावीत. ‘घरपट्टी’, ‘जत्रा ध्वनिमुद्रणे’ अशी नावे विंडोज आणि लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली या दोन्हींवर बिनचूक दिसतात आणि शोधताही येतात.

वेगाच्या बाबतीत ही सोय निर्दोष आहे; उणीव असते ती घराच्या जाळ्यात. राउटर पुढच्या दालनात, कारण फायबरची तार तिथे येते, आणि झोपण्याच्या खोल्या राजांगणापलीकडे म्हणजे आतल्या चौकापलीकडे, ही जुन्या गोमंतकीय घराची रचना वायफायला अजिबात मानवत नाही. मधल्या चिऱ्यांच्या जाड भिंती वायफायची पाच गिगाहर्ट्झची लहर जवळजवळ गिळून टाकतात. त्यातून दोन्ही संगणक वायफायवरच असले, तर प्रत्येक फाइल हवेतून दोनदा प्रवास करते, एकदा राउटरकडे आणि एकदा राउटरकडून, आणि वेग निम्म्यावर येतो. म्हणून निदान फोल्डर ज्या संगणकावर आहे तो तरी केबलने राउटरला जोडलेला असावा. इथे राउटरच्या जोडबिंदूंची, म्हणजे केबल लावायच्या खाचांची, क्षमता अवश्य पाहावी. इंटरनेट जोडणीबरोबर मिळणाऱ्या अनेक स्वस्त राउटरांचे जोडबिंदू 100 मेगाबिटचेच असतात, आणि त्यावर प्रत्यक्ष वेग सेकंदाला साधारण 11 मेगाबाइट मिळतो. म्हणजे नाटकाचे 8 गिगाबाइटचे चित्रण हलवायला बारा मिनिटे. गिगाबिट राउटर आणि कॅट 5ई किंवा त्यावरची केबल असेल, तर तेच काम सव्वा मिनिटाच्या आसपास होते, अर्थात डिस्कने साथ दिली तर. गिगाबिटसाठी केबलमधील तारांच्या चारही जोड्या जोडलेल्या असाव्या लागतात. दोनच जोड्या लावलेली केबल मुकाट्याने 100 मेगाबिटवर उतरते. कौलांखालून केबल नेताना ती पीव्हीसी नळीतूनच न्यावी, उंदरांचा उपद्रव कोणाला सांगायला नको.

पावसाळ्यात वीज जाते-येते, याचा विचार मांडणी करतानाच करावा. राउटरला छोटा यूपीएस असला तरी मुख्य संगणक बंद पडला की फोल्डर गेला. बहुतेक डेस्कटॉपच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ मांडणीत) वीज परत येताच यंत्र आपोआप सुरू व्हावे अशी सोय असते; ती लावून ठेवावी. त्याचबरोबर विंडोजमधील झोपेची वेळ बंद करावी, केवळ पडदा बंद होऊ द्यावा. फोल्डरासाठी लॅपटॉप वापरणे मला पटत नाही. तो झाकला जातो, बाहेर नेला जातो, आणि मग घरातील इतरांची कामे अडतात.

रोजच्या वापरात एक गोष्ट फार चांगली आहे. वर्डची फाइल एका ठिकाणी उघडी असेल, तर दुसऱ्या ठिकाणी ती वापरात असल्याचे कळते आणि केवळ वाचण्यासाठी उघडते. त्यामुळे एकाचे काम दुसऱ्याने पुसून टाकण्याचा प्रसंग सहसा येत नाही. याउलट एक गोष्ट धोक्याची आहे आणि विंडोज तिची पुरेशी जाणीव करून देत नाही: नेटवर्कवरून पुसलेली फाइल रीसायकल बिनमध्ये जात नाही, ती थेट नाहीशी होते. म्हणून सामायिक फोल्डर हा राखीव प्रतीचा पर्याय नव्हे. मुख्य संगणकाला बाहेरची हार्डडिस्क जोडून विंडोजमधील राखीव प्रती काढणारी फाइल हिस्टरी चालू ठेवावी, आणि मे-जूनच्या गडगडाटात ती डिस्क काढून कपाटात ठेवावी.

फोन आणि टीव्ही यांच्याशीही हे जुळते. आयफोनच्या फाइल्स ॲपमध्ये 2019 पासून अशा फोल्डरला जोडण्याची सोय आहे, अँड्रॉइडवर अनेक फाइल व्यवस्थापक ती देतात, आणि टीव्हीवरील व्हीएलसी हे ॲप थेट सामायिक फोल्डरमधून चित्रण दाखवते. टीव्हीच्या रिमोटने पासवर्ड टंकणे हा मात्र संयमाचा खेळ आहे.

विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, आणि विंडोज 11 न चालणारे बरेच संगणक गोव्यातील घरांत धूळ खात पडले असतील. त्यांवर लिनक्स मिंट बसवून, 1992 पासून विकसित होत आलेल्या सांबा या मोफत प्रणालीच्या साहाय्याने हेच काम उत्तम होते, आणि विंडोज संगणकांना समोर लिनक्स आहे याचा पत्ताही लागत नाही. तिथे लक्षात ठेवण्याची बाब एवढीच की सांबाचा पासवर्ड लिनक्सच्या पासवर्डपासून वेगळा असतो आणि तो स्वतंत्रपणे द्यावा लागतो. दोन डिस्कांचा तयार एनएएस (थेट नेटवर्कला जोडायचा साठवणसंच) घेणे हा महाग पण निश्चिंत मार्ग. दोन-चार संगणकांच्या घराला मी तो सुचवणार नाही. विंडोजची ही सोय एका वेळी 20 जोडण्या पेलते, आणि तेवढी माणसे आमच्याकडे केवळ चवथीलाच असतात.

पणजीला नोकरी करणाऱ्या किंवा परदेशी राहणाऱ्या मुलांना घरचा फोल्डर हवा असेल, तर ही सोय त्यासाठी नाही. त्याकरिता राउटरवर एसएमबीचे 445 क्रमांकाचे दार (पोर्ट) इंटरनेटसाठी उघडून देण्याची सूचना कोणी केली, तर ती साफ नाकारावी. बाहेरून येण्यासाठी व्हीपीएन, म्हणजे घरच्या जाळ्यापर्यंतची सुरक्षित खासगी वाट, लावावा, किंवा तेवढ्या मोजक्या फाइली क्लाउडवर ठेवाव्यात.