पेट्रोल आणि गॅस दोन्हींवर चालणारा घरगुती जनरेटर: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

मे २०२५ मध्ये आम्ही पेट्रोल आणि एलपीजी या दोन्ही इंधनांवर चालणारा, चाकांचा, एका माणसाला ढकलत नेता येईल असा जनरेटर घेतला. आज त्याच्या तासमापकावर ६१ तास झाले आहेत. त्या वर्षी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला, त्यामुळे सराव करायला फारसा वेळ न मिळता आम्हाला थेट गरजेच्या वेळीच हे यंत्र शिकावे लागले. निर्मात्याचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण निवड करताना ज्या गोष्टी निर्णायक ठरल्या त्या कोणत्याही निर्मात्याच्या यंत्राला लागू होतात.

आमची गरज आधी सांगते. सासूबाईंना सीओपीडी हा फुप्फुसांचा जुनाट आजार आहे आणि डॉक्टरांनी दिवसातून किमान पंधरा तास ऑक्सिजन सांगितला आहे. घरात मिनिटाला पाच लिटरपर्यंत देणारा कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारे विजेवरचे यंत्र, आहे आणि तो साधारण ३५० वॅट घेतो. इन्व्हर्टरची बॅटरी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची, म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. पण कॉन्सन्ट्रेटर आणि एक पंखा चालवला की ती जेमतेम तीन तास टिकते. शिवाय एकदा उतरलेली बॅटरी इन्व्हर्टर १५ अँपिअरनेच भरतो, त्यामुळे जनरेटर दोन तास चालवून बॅटरी पूर्ण भरून घेऊ ही आमची पहिली कल्पना चुकीची होती. भरायला दहा तास लागणाऱ्या बॅटरीला दोन तासांत फार काही मिळत नाही. हे खरेदीपूर्वी कोणी सांगितले असते तर आम्ही सुरुवातीपासूनच वेगळा हिशेब केला असता.

क्षमता ठरवताना सगळ्या उपकरणांचे वॅट मिळवून बेरीज करणे पुरत नाही. आमची बेरीज ९०० वॅटच्या आसपास होती: कॉन्सन्ट्रेटर, फ्रिज, चार पंखे, दिवे आणि राउटर. त्यावर अर्ध्या अश्वशक्तीचा पाण्याचा पंप. चालू असताना हा पंप साडेपाचशे वॅटच्या आसपास घेतो, पण सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या कित्येक पट प्रवाह ओढतो, आणि फ्रिजच्या कॉम्प्रेसरचेही तसेच आहे. आमच्या जनरेटरवर पेट्रोलसाठी २.८ केव्हीए (ढोबळमानाने किलोवॅटसारखेच क्षमतेचे माप) लिहिले आहे; गॅसवर साधारण दहा टक्के ताकद कमी मिळते, म्हणून २.५ धरायचे. जूनमध्ये गॅसवर सगळे घर चालू असताना मी पंपाचे बटण दाबले, तेव्हा इंजिन एकदम दबले, दिवे मंदावले आणि आतल्या खोलीतून कॉन्सन्ट्रेटरचा अलार्म वाजू लागला. दोन सेकंदांत सगळे सावरले, परंतु तो आवाज ऐकून मी जिना कशी चढले ते आठवत नाही. तेव्हापासून पंप सर्वांत आधी चालवायचा, टाकी भरली की बंद करायचा आणि मगच कॉन्सन्ट्रेटर जनरेटरवर घ्यायचा, हा क्रम आमच्या घरात कोणी मोडत नाही. एसी चालवायचा असेल तर हे यंत्र लहान पडेल.

गॅसच्या बाबतीत पहिली गोष्ट नियमाची. स्वयंपाकघरातला १४.२ किलोचा लाल सिलिंडर केवळ स्वयंपाकासाठी असतो. तो जनरेटरला लावणे नियमबाह्य आहे, मग विक्रेता काहीही म्हणो. पाइपने येणारा गॅसही चालत नाही, कारण तो सुमारे २१ मिलिबार इतक्या कमी दाबाचा मिथेन असतो आणि एलपीजीसाठी बसवलेल्या जेटमधून, म्हणजे इंधन सोडणाऱ्या बारीक भोकातून, इंजिनाला पुरेशी ऊर्जा मिळत नाही. म्हणून आम्ही प्रथम ओळखपत्र दाखवून मिळणारा ५ किलोचा छोटा सिलिंडर आणला. तो उचलायला सोपा, ठेवायला सोपा आणि अर्ध्याअधिक रात्रीला पुरेल असे वाटले.

जुलैमधल्या एका संध्याकाळी सहाला वीज गेली. जनरेटर गॅसवर चालू केला आणि तासाभराने पाहिले तर सिलिंडरच्या खालच्या भागावर दवाचा एक पट्टा उमटला होता, त्याची वरची कड अगदी रेघ मारल्यासारखी सरळ. आत द्रव जिथपर्यंत होता तिथपर्यंत पत्रा गार पडला होता आणि पावसाळी हवेतले पाणी त्यावर गोठल्यासारखे बसले होते; हात लावला तर फ्रिजमधल्या पाण्याच्या बाटलीसारखा गारवा. द्रव गॅसचे वाफेत रूपांतर होताना उष्णता लागते आणि ती तो सिलिंडरकडूनच घेतो. रेघ खाली खाली सरकत गेली तशी उष्णता घेण्यास पत्रा कमी उरला, आणि साडेदहाच्या सुमारास इंजिन धापा टाकू लागले: आवाज वाढायचा, पडायचा, पुन्हा वाढायचा. सिलिंडर हलवून पाहिला तर आत द्रव स्पष्ट हेलकावत होता. गॅस संपला नव्हता, तो पुरेशा वेगाने वाफ होऊन बाहेर येत नव्हता. अशा वेळी सिलिंडर आडवा करण्याचा किंवा त्यावर गरम पाणी ओतण्याचा मोह कोणालाही होईल, पण दोन्ही धोक्याचे आहे. आडव्या सिलिंडरमधून द्रव गॅस थेट रेग्युलेटरमध्ये जातो. त्या रात्री आम्ही पेट्रोलवर गेलो. पुढच्या आठवड्यात १९ किलोचा निळा व्यावसायिक सिलिंडर रीतसर नोंदवून घेतला. त्याचा पृष्ठभाग मोठा असल्याने आमच्या भारावर तो एकदाही दमलेला नाही. ५ किलोचा आता केवळ राखीव आहे.

खर्चाचे बोलायचे तर, सुमारे एक किलोवॅट भारावर पेट्रोल ताशी जवळजवळ एक लिटर लागले आणि वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून मोजले तेव्हा गॅस साधारण ६५० ग्रॅम. त्या महिन्यांतील दरांनी पेट्रोलवर तासाला शंभर रुपयांहून अधिक आणि निळ्या सिलिंडरवर साठच्या आत. फरक चांगलाच आहे. पण वर्षाला साठ-सत्तर तासच यंत्र चालणार असेल, तर या बचतीतून दुसऱ्या इंधनासाठी मोजलेले जादा पैसे लवकर वसूल होत नाहीत, आणि तेवढ्यासाठी कोणी हे यंत्र घेऊ नये.

दुसऱ्या इंधनाचा खरा उपयोग मला डिसेंबरमध्ये कळला. सप्टेंबरच्या मध्यापासून जनरेटर एकदाही लागला नव्हता आणि टाकीत दोन-तीन लिटर पेट्रोल तसेच राहिले होते. दुरुस्तीच्या कामासाठी दिवसभर वीज बंद राहणार होती. यजमान गावी गेले होते. बटणाने इंजिन सुरू करणारी छोटी बॅटरी उतरलेली होती, म्हणून चोक देऊन दोरी ओढली. पंधरा-वीस वेळा ओढूनही काही झाले नाही, हाताला मात्र वळ उठले. शेवटी पेट्रोलची कळ बंद करून निवडकळ गॅसवर फिरवली आणि तिसऱ्या ओढीला इंजिन सुरू झाले. नंतर मेकॅनिकने कार्ब्युरेटरची, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाची, वाटी माझ्यासमोर उघडली. तळाशी मधासारखा चिकट पिवळा थर होता, त्यात पाण्याचे बारीक मणी होते आणि जेटचे भोक बुजले होते. पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते, इथेनॉल हवेतला ओलावा शोषते, आणि बेलापूरच्या हवेत ओलाव्याची कमतरता कधीच नसते. गॅस या जेटमधून जातच नाही, त्याचा मार्ग वेगळा, म्हणून तो चालला. शिवाय सिलिंडरमधला गॅस वर्षभर ठेवला तरी शिळा होत नाही. जे यंत्र महिनोन्महिने नुसते उभे राहते आणि एके दिवशी अचानक हवे असते, त्याच्यासाठी गॅस हेच मुख्य इंधन आणि पेट्रोल राखीव, असे माझे मत तेव्हापासून पक्के झाले आहे. आता पेट्रोलवर चालवले की शेवटी कळ बंद करून वाटीतले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवतो आणि टाकी रिकामी करतो.

पेट्रोल साठवण्याची अडचण वेगळीच आहे. विक्रीसाठी नसलेले पेट्रोल परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंत ठेवण्यास कायद्याने मुभा असली, तरी पंपावर प्लास्टिकच्या कॅनमध्ये पेट्रोल देत नाहीत, आणि आजारी माणूस असलेल्या घरात ते ठेवावे असे मलाही वाटत नाही.

जोडणीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. विक्रेत्याने पाठवलेला वायरमन म्हणाला, "वहिनी, एवढा खर्च कशाला? दोन्ही टोकांना पिन लावून देतो, सॉकेटात घातलं की अख्खं घर चालू." मी विचारले, "आणि मेन बंद करायला कोणी विसरलं तर?" त्यावर तो म्हणाला की असे कोणी विसरत नाही. मी ते काम करू दिले नाही. मेन चालू राहिला तर जनरेटरची वीज उलटी बाहेरच्या लाइनवर जाते आणि तिथे काम करणाऱ्या कर्मचाऱ्याचा जीव जाऊ शकतो. वीज परत आली तर जनरेटर जळतो. आणि सॉकेटातून निसटलेल्या पिनेत जिवंत वीज असते. आम्ही दुसऱ्या परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा डीपी चेंजओव्हर (एका वेळी बाहेरची लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकालाच घर जोडणारी कळ), स्वतंत्र केबल आणि अर्थिंग करून घेतले. जनरेटरचा न्यूट्रल तरंगता, म्हणजे अर्थिंगला न जोडलेला, असेल तर गळतीच्या वेळी घरातला आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारी कळ) पडेलच असे नाही, म्हणून तीही जोडणी तपासून घेतली. या सगळ्याला चौदा हजार रुपये लागले आणि मला ते जनरेटरइतकेच आवश्यक वाटतात. घरातला इन्व्हर्टर प्रथम जनरेटरची वीज स्वीकारतच नव्हता. त्याची कळ विजेतले चढउतार चालवून न घेणाऱ्या यूपीएस मोडवरून साध्या मोडवर केल्यावर तो चार्ज होऊ लागला.

आता जागा, कारण आमच्याकडे सर्वांत कठीण प्रश्न तोच होता. आम्ही राहतो ती बेलापूरची वसाहत, आर्टिस्ट व्हिलेज, वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात आखली, ते सात-सात घरांच्या छोट्या चौकांभोवती. चौक आठ मीटर लांबी-रुंदीचा. राहण्यास ही रचना फार सुखाची आहे, पण चौकात जनरेटर लावला तर धूर आणि आवाज सातही घरांत जातो. म्हणून तो मागच्या बाजूला, पारसिकच्या डोंगराकडे धुराड्याचे तोंड करून, पत्र्याच्या उघड्या शेडखाली ठेवला. तरीही ऑगस्टमध्ये वारा फिरला आणि स्वयंपाकघरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूच्या अलार्मवर ३५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ३५) हा आकडा दिसला. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि गॅसवर चालणारे इंजिनही तो सोडतेच, पेट्रोलपेक्षा कमी सोडत असले तरी. सासूबाईंच्या फुप्फुसांना त्यातला थोडाही नको. आम्ही लगेच यंत्र बंद केले, दारे-खिडक्या उघडल्या आणि त्यांना सिलिंडरच्या ऑक्सिजनवर घेतले. नंतर लांब केबल घेऊन जनरेटर घरापासून वीस फुटांहून अधिक दूर नेला आणि त्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवण्याचे ठरवले. फ्लॅटच्या बाल्कनीत, पार्किंगमध्ये किंवा जिन्याखाली हे यंत्र चालवण्याचा विचार असेल, तर कृपया घेऊ नका. मोठी बॅटरी घ्या.

निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे, आणि हे यंत्र रात्रीच्या मर्यादेत बसत नाही. जुलैच्या त्या रात्री शेजाऱ्यांनी आजारी माणसाकडे पाहून सोसले, पण दर वेळी त्यांच्याकडून तशी अपेक्षा ठेवणे योग्य नाही. त्यामुळे आता दहापर्यंत जनरेटर, नंतर बॅटरी आणि ती संपल्यास बी-टाइप ऑक्सिजन सिलिंडर असा क्रम आहे. त्यात सुमारे १५०० लिटर ऑक्सिजन असतो आणि मिनिटाला दोन लिटर या गतीने तो बारा तास पुरतो. तो आतल्या खोलीत, जनरेटर आणि गॅसपासून दूर असतो.

देखभाल फारशी नाही. पहिले तेल वीस तासांनी बदलले, पुढचे शंभर तासांनी किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल ते. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारी नळीच्या सांध्यांना साबणाचे पाणी लावून गॅस गळून फेस येतो का ते पाहतो आणि पंधरा मिनिटे गॅसवर, फ्रिज व पंख्यांचा भार देऊन चालवतो. बंद करताना आधी सिलिंडरची कळ फिरवतो आणि नळीतला गॅस संपून इंजिन आपोआप थांबू देतो. चेंजओव्हरच्या पेटीत आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर सासूबाईंच्या अक्षरातली या महिन्याची नोंद अशी आहे: ६१ तास, तेल स्वच्छ, फेस नाही, दुसऱ्या ओढीला सुरू.