लष्करी स्पेस ऑपेरा: चार मालिका, आणि कुठून सुरुवात करावी

अंतराळयुद्धाची लांबलचक मालिका हाती घेण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा. लढाई कशी जिंकली हे वाचायचं आहे, की हुकूम देणाऱ्या माणसाचं त्या लढाईत काय झालं हे? दोन्ही सारख्याच ताकदीनं लिहिणारे लेखक या प्रकारात फार थोडे आहेत, आणि ज्याला जे जमतं त्याच्या पोटातच त्याचा दोषही असतो. म्हणून इथे चार मालिका शेजारीशेजारी ठेवल्या आहेत: डेव्हिड वेबर यांची 'ऑनर हॅरिंग्टन' (पहिली कादंबरी 'ऑन बॅसिलिस्क स्टेशन', 1993), जॅक कॅम्पबेल यांची 'द लॉस्ट फ्लीट' ('डॉन्टलेस', 2006), लोइस मॅकमास्टर बुजोल्ड यांची 'व्होरकोसिगन' (1986 पासून) आणि योशिकी तानाका यांची जपानी 'लेजंड ऑफ द गॅलॅक्टिक हीरोज' (मूळ दहा खंड, 1982 ते 1987).

आधी लढाईचे नियम पाहू, कारण या प्रकाराचा कणा तोच आहे. अंतराळात टेकडी नाही, नदी नाही, वारा नाही. आडोसाच नसेल तर डावपेच कशाच्या आधारावर लढवायचे? लेखकाला एखादी मर्यादा घालावीच लागते आणि मग शेवटपर्यंत ती पाळावी लागते.

वेबर यांनी मर्यादा स्वतः घडवली. त्यांच्या युद्धनौकेच्या वर आणि खाली गुरुत्वाकर्षणाचे दोन तिरके पडदे असतात, त्यांतून काहीही आरपार जात नाही. दोन्ही बाजूंना त्यांहून कमकुवत संरक्षण असतं, आणि नाक व शेपूट उघडी. त्यामुळे शत्रूच्या नाकासमोरून आडवं जाऊन एका बाजूच्या सगळ्या तोफांचा मारा करणं हा सर्वोत्तम डाव ठरतो. म्हणजे शिडांच्या जहाजांचं युद्ध त्यांनी अंतराळात पुन्हा उभं केलं. सी. एस. फॉरेस्टर यांच्या ब्रिटिश नौदलावरच्या कादंबऱ्यांचा नायक होरेशिओ हॉर्नब्लोअर याचा आदर्श उघडच आहे, नायिकेची आद्याक्षरंसुद्धा तीच आहेत. पहिल्या पुस्तकात हा नियम झकास वापरलाय. नायिकेच्या क्रूझरवरची नेहमीची बरीच शस्त्रं काढून तिथे अगदी जवळूनच चालणारं एक प्रायोगिक अस्त्र बसवलेलं असतं. सरावात ते एकदा चालतं. प्रतिस्पर्धी सावध झाल्यावर चालत नाही, कारण तेवढं जवळ कुणी येऊच देत नाही. चुकीचं शस्त्र गळ्यात पडलेल्या कप्तानानं काय करायचं, यावर सगळं पुस्तक उभं आहे.

याची किंमत अशी की नियम घडवला की समजावून सांगावा लागतो. याच पुस्तकाच्या शेवटी पाठलाग ऐन रंगात असताना कथा थांबते आणि प्रकाशापेक्षा वेगवान प्रवासाचा इतिहास पानंच्या पानं सुरू होतो. ती पानं सरळ ओलांडावीत, कथेचं काही अडत नाही. पुढच्या खंडांत दुसरी अडचण येते. क्षेपणास्त्रांचा पल्ला आणि संख्या वाढत जाते, आणि डावपेचांची जागा हजारांच्या बेरीज-वजाबाकीला मिळते.

कॅम्पबेल यांनी नवा नियम शोधलाच नाही, प्रकाशाचा वेग पुरेसा मानला. हे नाव टोपणनाव आहे, लेखक अमेरिकी नौदलातले निवृत्त अधिकारी. शत्रू एक प्रकाश-तास दूर, म्हणजे सुमारे 108 कोटी किलोमीटरवर असेल तर तुम्हाला दिसतो तो तासापूर्वीचा शत्रू. दोन्ही आरमारं प्रकाशाच्या एक दशांश वेगानं समोरासमोर निघाली तर गाठ पडायला पाच तास लागतात, आणि प्रत्यक्ष भेटीच्या क्षणी ती सेकंदाला 60,000 किलोमीटर वेगानं एकमेकांना ओलांडतात. तेव्हा गोळी झाडण्याचं काम यंत्राचंच. माणसाचा निर्णय त्याआधी, आणि तोही शिळ्या माहितीवर. एकत्रित वेग याहून वाढला तर नेम धरता येत नाही, म्हणून लढाईआधी वेग कमी करणं हासुद्धा डावाचा भाग होतो. लवकर वळलात तर शत्रूला तुमचं वळण दिसतं आणि तो सावरतो, उशिरा वळलात तर वळण पुरतच नाही. अंतराळातल्या लढाईचा इतका प्रामाणिक हिशेब लोकप्रिय कादंबरीत क्वचितच सापडतो. अमुक जहाज अमुक कोनातून का आलं हे वाचकालाही पडताळून पाहता येतं, हा आनंद मोठा आहे.

तानाकांची जहाजं हजारोंच्या संख्येनं लढतात, पण यंत्रांचे नियम ढोबळ आहेत आणि रचना जमिनीवरच्या जुन्या लढायांसारख्या. पहिल्याच लढाईत 20,000 जहाजांच्या सेनापतीला तीन बाजूंनी मिळून 40,000 जहाजं घेरायला येतात. घेरा पूर्ण होण्याआधी तो एकेका तुकडीला सुटं गाठतो. डाव जुना आहे, पण सुरेख मांडलाय. बुजोल्ड यांच्याकडे आरमारी लढाईचं चित्रण सर्वांत कमी. बऱ्याच चकमकी दोन परिच्छेदांत उरकतात किंवा पडद्याआड होतात. आराखडे मांडून वाचणाऱ्याची तिथे निराशाच होईल.

रसदीच्या बाबतीत कॅम्पबेल आणि तानाका उरलेल्या दोघांच्या पुढे आहेत. 'लॉस्ट फ्लीट'मध्ये शत्रूच्या मुलखात अडकलेलं आरमार एकेक तारा ओलांडत घरी परततं. प्राचीन ग्रीक लेखक झेनोफनच्या दहा हजार ग्रीक सैनिकांची ती इराणी साम्राज्यातून परतीची वाट. इंधन आणि क्षेपणास्त्रं वाटेत खनिज मिळवून बनवावी लागतात. ती बनवणारी कारखाना-जहाजं खनिजानं भरली की जड होतात, वेग घेत नाहीत, आणि अख्ख्या आरमाराला त्यांच्या चालीनं चालावं लागतं. ती गमावली तर महिनाभरानं सगळेच संपले, म्हणून प्रत्येक लढाईत त्यांची राखण आधी. तानाकांच्या पहिल्या खंडात लोकशाही राष्ट्र निवडणुकीत मतं मिळावीत म्हणून तीन कोटी सैनिक शत्रूच्या साम्राज्यात घुसवतं. साम्राज्य लढत नाही. सीमेवरच्या ग्रहांवरचं धान्य काढून घेऊन मागे हटतं. 'मुक्तिदात्या' फौजेला आता तिथल्या उपाशी जनतेलाही पोसावं लागतं. मग पुरवठ्याचा तांडा कापला जातो, आणि फौज त्याच जनतेकडून धान्य ओढायला लागते. पानिपतावर अन्नावाचून कोंडलेल्या मराठी छावणीचं वर्णन ज्यानं वाचलंय, त्याला ही प्रकरणं वेगळी समजावून सांगायला नकोत.

आता शत्रू. आमच्या मते या प्रकारातल्या कादंबरीची खरी परीक्षा इथेच होते. समोरचा मूर्ख असेल तर नायकाची हुशारी सिद्ध होत नाही, आणि सहाव्या लढाईपर्यंत कंटाळा आलेला असतो. कॅम्पबेल इथे सर्वांत कच्चे. त्यांचे शत्रू-सेनापती एकाच साच्यातले, स्वार्थी आणि उतावळे. शिवाय नायक गिअरी शंभर वर्षं शीतनिद्रेत होता, मधल्या काळात सगळ्यांची युद्धकला विसरली गेली, म्हणून तोच जिंकतो, हे गृहीतक सहाही पुस्तकांना पुरवलंय. वेबर यांच्या सुरुवातीच्या पुस्तकांत नायिकेच्या बाजूचेच हितशत्रू फार सपाट आहेत आणि तिच्यात दोष शोधावा लागतो. मात्र हेवन या शत्रुराष्ट्रात त्यांनी हळूहळू कर्तबगार, सज्जन अधिकारी उभे केले, आणि त्यांच्यामुळेच मधले खंड वाचनीय झाले. तानाकांचा पाया दोन्ही बाजूंना तोलामोलाचा सेनापती ठेवण्यावरच आहे: एकीकडे सडलेल्या लोकशाहीसाठी नाइलाजानं लढणारा यांग वेन-ली, दुसरीकडे गुणी हुकूमशहा होऊ पाहणारा राइनहार्ड. चांगला हुकूमशहा की भ्रष्ट लोकशाही, हा वाद मालिका कुठेही सोपा करत नाही. त्यासाठी इतर दोष सोसायला हरकत नाही. दोष आहेतच: स्त्री-पात्रं मोजकी आणि पातळ, नावांची गर्दी प्रचंड, कोण मरणार हे निवेदक इतिहासकाराच्या थाटात आधीच सांगतो, आणि इंग्रजी अनुवादक मालिकेच्या मध्ये बदलत असल्यामुळे भाषेचा पोतही बदलतो. पहिल्या शंभर पानांत पात्रांची दोन बाजूंची यादी कागदावर करून ठेवावी.

माणूस मात्र बुजोल्ड यांच्यासारखा कुणालाच जमलेला नाही. माइल्स व्होरकोसिगन ठेंगणा, ठिसूळ हाडांचा, आणि शारीरिक व्यंगाचा तिरस्कार करणाऱ्या लष्करी समाजात जन्मलेला. 'द व्होर गेम'च्या सुरुवातीला एका गोठलेल्या तळावर विषारी रसायन सांडतं. ते साफ करायला तंत्रज्ञ नकार देतात. चिडलेला सेनापती त्यांना कडाक्याच्या थंडीत कपडे उतरवून उभं करतो आणि नुकत्याच रुजू झालेल्या माइल्सला त्यांच्यावर बंदूक रोखायला सांगतो. हुकूम कायदेशीर आहे का, मोडला तर काय आणि पाळला तर काय, हे त्या थोड्या पानांत जेवढं उतरतं तेवढं बाकीच्यांच्या अख्ख्या खंडांत उतरत नाही. त्या पुस्तकाला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार 1991 मध्ये मिळाला, आणि 2017 मध्ये संपूर्ण मालिकेला. मात्र नंतरची पुस्तकं रहस्यकथेकडे आणि सामाजिक विनोदाकडे वळतात. तोफांसाठी आलेला वाचक तिथे गळतो.

हुकूम देणाऱ्यांचंच कौतुक नको असेल तर अ‍ॅन लेकी यांची 'अँसिलरी जस्टिस' (2013) पाहावी. एकेकाळी स्वतःच एका युद्धनौकेचं यांत्रिक मन असलेली निवेदक साम्राज्यानं वापरलेल्या शरीरांची बाजू मांडते. तिच्या भाषेत लिंगभेद नाही, म्हणून ती सर्वांना इंग्रजी 'शी' लावते. 'आला' आणि 'आली' यांतून सुटका नसलेल्या मराठी वाचकाला हा प्रयोग जास्त खोल जाणवतो.

हुद्द्यांची एक गल्लत आधीच टाळावी. या कादंबऱ्यांतला कॅप्टन बहुधा नौदलाचा असतो, म्हणजे भूदलातल्या कर्नलच्या तोडीचा. शिवाय जहाजाचा प्रमुख कोणत्याही हुद्द्याचा असला तरी जहाजावर त्याला कॅप्टनच म्हणतात.

सुरुवात कुठून? लढाईचा हिशेब आवडत असेल तर 'डॉन्टलेस'. पुस्तकं आटोपशीर आहेत, पण दर खंडात मागचं सगळं पुन्हा सांगितलं जातं, म्हणून सलग वाचू नयेत, मध्ये दुसरं काही घ्यावं. राजकारण आणि इतिहास हवा असेल तर तानाका, आणि पहिला खंड संपेपर्यंत निर्णय राखून ठेवावा. नौदलाची शिस्त, बढती, सलामी यांत रमत असाल तर वेबर. पहिली तीन पुस्तकं वाचून थांबा. 'वॉर ऑफ ऑनर' (2002) पर्यंत पोचताना बैठकांची पानं लढायांपेक्षा जास्त होतात. आणि फक्त एकच मालिका घ्यायची असेल तर बुजोल्ड, प्रकाशनाच्या क्रमानं न जाता 'शार्ड्स ऑफ ऑनर', 'बरायार', 'द वॉरियर्स अप्रेंटिस', 'द व्होर गेम' या क्रमानं. पहिल्या दोन पुस्तकांत माइल्सच्या आईवडिलांची गोष्ट आहे. ती टाळून थेट माइल्सकडे गेलं तरी चालतं, पण त्याच्या अंगात एवढा हट्ट कुठून आला हे मग उशिरा कळतं.