‘जगात असं काहीच नाही’ असा अहवाल हातात देणाऱ्यांपासून सावध राहा

माझा भाचा रावेर तालुक्यात केळी पिकवतो. कापलेला घड बागेतून गाडीपर्यंत नेताना फण्यांना मार बसतो, डाग पडतात आणि व्यापारी लगेच भाव पाडतो. म्हणून त्याने घड उभा अडकवायची, गादी लावलेली एकचाकी गाडी बनवली. मी ती बागेत चालवून पाहिली आहे, काम चोख करते.

पेटंट काढून देणाऱ्या एका फर्मने त्याला फोनवर गाठलं. आधी ‘नवीनता तपासणी’चे पैसे घेतले. दोन पानी अहवाल आला: कल्पना शंभर टक्के नवीन. मग ‘वर्ल्ड पेटंट’साठी मोठी रक्कम मागितली. केळी विकून हाती आलेल्या पट्टीचे पैसे त्यात गेले. सोनेरी काठाचं प्रमाणपत्र आलं तेव्हा पोराने पेढे वाटले हो!

त्या कागदावरचा नंबर साध्या प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरत्या, अर्जाचा होता. असा अर्ज कुणी तपासत नाही. १२ महिन्यांत पूर्ण तपशील दिला नाही, तर तो सोडून दिल्याचं धरलं जातं. तसंच झालं, फोनही बंद. आणि वर्ल्ड पेटंट नावाची गोष्टच नाही. पीसीटी, म्हणजे अनेक देशांसाठी एकत्र करायचा आंतरराष्ट्रीय अर्ज केला तरी पेटंट देशोदेशी वेगळं घ्यावं लागतं.

सगळ्यात संताप आला तो अहवालाचा. खऱ्या शोध अहवालात सापडलेल्या जुन्या पेटंटांचे क्रमांक असतात, आपलं साधन त्यांच्यापेक्षा कुठे वेगळं ते मुद्द्यागणिक लिहिलेलं असतं. यात एकही क्रमांक नव्हता. इंजिनिअरिंगला असलेल्या माझ्या मुलीने गूगल पेटंट्सवर ‘बनाना बंच’पुढे कॅरिअर, ट्रॉली, क्रेडल असे शब्द बदलून इंग्रजीत शोधलं, फळतोडणीच्या पेटंटांचा ए०१डी ४६ हा वर्ग चाळला. मिळतीजुळती साधनं एका संध्याकाळीत समोर आली. एस्पासनेट, पेटंटस्कोप या जगभरची पेटंटं शोधायच्या साइट आणि भारतीय पेटंट कार्यालयाचा शोधही फुकट आहे. पेटंट नसलेली, पण परदेशात विकली जाणारी वस्तूसुद्धा नवीनता घालवते, म्हणून यूट्यूबही बघा.

पैसे मागणाऱ्याला पेटंट एजंटचा नोंदणी क्रमांक विचारा आणि सरकारी यादीत ताडून पाहा. यावल, चोपड्याकडे कुणाचा असा अर्ज १२ महिन्यांच्या आत असेल, तर नोंदणीकृत एजंटकडे आजच जा, पूर्ण तपशील अजून भरता येतो.