साठीनंतरचा व्यायाम: भाट्याची पुळण की गावातली जिम?

नोकरीतून मोकळे होऊन रत्नागिरीत परतलेले लोक हल्ली भेटले की एकच विचारतात. सकाळी भाट्याच्या पुळणीवर, म्हणजे तिथल्या समुद्रकाठच्या वाळूवर, चालायला जावं, की सरळ जिम लावावी? मी दोन्ही केलं आहे, अजूनही करतो, वय अडुसष्ट. माझं पारडं एका बाजूला किंचित झुकलेलं आहे, तेवढं धरून वाचा.

पुळणीबद्दल वाईट बोलवत नाही. पैसे लागत नाहीत, सुरूच्या बनातून वारा येतो, ओळखीची चार माणसं भेटतात. ओल्या घट्ट वाळूवर अनवाणी चालताना घोटा सारखा सावरत असतो आणि तोल सुधारतो, हे मला पायऱ्या उतरताना जाणवलं. कोरड्या वाळूत तर त्याच वेगाने चालायला सडकेच्या दुपटीहून जास्त शक्ती खर्च होते. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करायला सांगते, तो इथे गप्पा मारता मारता होतो.

मला नडली ती भरती.

आपल्याकडे जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला पाणी भरलेलं. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारच्या सुमारास, म्हणून त्या दिवसांत पहाटे पुळण लांबरुंद आणि घट्ट मिळते. चालावं तितकं थोडं वाटतं. मग वेळ रोज पाऊणएक तास पुढे सरकते. षष्ठी ते एकादशी साडेसहाला गेलात तर घट्ट वाळू पाण्याखाली, वर फक्त भुसभुशीत उतार. पुलाकडून दक्षिणेला निघालं की समुद्र उजवीकडे, उजवा पाय सतत खाली पडतो. परतताना डावा. माझा उजवा गुडघा तसा धडधाकट आहे, पण त्या उतारावर चाललो की दुपारपर्यंत कुरकुरायचा.

गुडघ्यापेक्षा वाईट गोष्ट मनाची. या वयात उत्साह रोज येत नाही. ठरलेली वेळ आपल्याला घराबाहेर काढते. पुळणीवर ती वेळ चंद्र ठरवतो. आज साडेसहा, परवा आठ, मग ऊन चढतं, मग ‘दोन दिवसांनी बघू’. पंधरवड्यात एकदा अशी खीळ बसली की पुन्हा सुरू करायला वेगळा जोर लावावा लागतो, आणि पुढच्या पंधरवड्यात तेच. जून ते सप्टेंबर तर विचारूच नका. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात ते चार महिने गेले की दिवाळीला पाय पुन्हा पहिल्यापासून शिकवावे लागतात.

जिमचे त्रास आहेतच. गाणी मोठ्याने लागतात, पंख्याखालची जागा तरुण मुलांनी धरलेली असते. खाऱ्या हवेमुळे लोखंड टिकत नाही; रॉड सोडला की तळहातावर तांबूस गंज उमटतो आणि साबणाशिवाय जात नाही. फी मात्र परवडण्यासारखी आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सात म्हणजे सातच. नाही गेलो तर ट्रेनर मुलगा फोन करतो, ‘काका, बरं आहे ना?’ त्या फोनपायी मी कितीतरी पावसाळी सकाळी उठलो आहे. वहीत मागच्या आठवड्याचे आकडे लिहिलेले असतात, त्यांच्यापुढे अर्धा किलो सरकलो की दिवसभर बरं वाटतं.

आणि चालण्याने स्नायूंची झीज पुरेशी थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच शिफारशींमध्ये आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताण द्यायला सांगितलं आहे. ‘आता या वयात वजनं?’ असं वाटत असेल तर १९९० सालचा बोस्टनचा अभ्यास लक्षात ठेवा. वृद्धाश्रमातल्या ८६ ते ९६ वयाच्या दहा माणसांना आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम दिला, तर पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. मला स्वतःला पाटावरून हात न टेकता उठता येतं, एवढं पुरतं.

व्यायामानंतर थकलेले स्नायू भरून येण्याच्या बाबतीतही मला जिमच सोयीची वाटली. एक दिवस ताण, मधला दिवस सुट्टी, हे वेळापत्रकातच असतं. पुळणीवर माणूस रोज जातो आणि दुखणं अंगावर काढतो. पण सुट्टीच्या दिवशी ताटात काय आहे त्यावर बरंच अवलंबून आहे. वयस्कांना वजनाच्या किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत असं तज्ज्ञ सांगतात. साठ किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. आपली पेज, भात आणि पातळ आमटी तिथवर पोचत नाही. बांगडा असेल तर प्रश्न मिटला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा सुक्या मासळीचं मीठ रक्तदाबाला नको म्हणून मी कुळथाची दाट पिठी आणि अंडी यांवर भर देतो. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं. आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि पाणी किती गेलं ते कळत नाही, म्हणून तहान लागायच्या आधीच कोकमाचं सरबत घ्यावं. झोप अर्धवट झाली असेल त्या दिवशी मी वजन कमी लावतो.

ज्यांचं घर किनाऱ्यालगत आहे, ज्यांना कधीही निघता येतं, किंवा जे माणसांच्या ओढीनेच घराबाहेर पडतात, त्यांना पुळणच भावेल, आणि ते मला पटतं. त्यांनी घरी खुर्चीवरून उठबस आणि पाण्याच्या बाटल्या उचलणं जोडलं तरी खूप झालं. एकच निवडायचं असेल आणि गुडघे-हृदय तपासून घेतलं असेल, तर मी जिम म्हणेन. पहिला महिना फक्त हलकी वजनं, ट्रेनरला वय आणि गोळ्या सांगून. पुळणीवर पौर्णिमा-अमावास्येच्या मागेपुढे जा, तेव्हा ती खरंच सुंदर असते.